मात्रा

२०१३ साली चाकणहून ओरगडमला बदली झाली तेव्हा बायकोने विचारलं होतं, "हे चेन्नईत आहे की चेन्नईबाहेर?" त्याचं सरळ उत्तर मला आजही देता येत नाही. बोलताना सगळे चेन्नईच म्हणतात, जिल्हा मात्र कांचीपुरम. वंडलूरहून वालाजाबादला जाणारा रस्ता आणि सिंगपेरुमाळ कोविलहून श्रीपेरुंबुदूरला जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते ओरगडम. रेनॉ-निस्सान, भारतबेंझचे ट्रक, रॉयल एनफिल्ड, अपोलो टायर्स, सगळे इथे चार-सहा किलोमीटरच्या आत. चाकणच्या माणसाला त्यामुळे फारसं परकं वाटत नाही. शिफ्टची तीच बस, तेच सेफ्टी शूज, सुट्या भागांचे तसेच पुरवठादार आणि त्यांच्या तशाच सबबी. मी एका वाहन कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघतो. दुसऱ्याच्या कामातला दोष शोधायचा पगार घेतो म्हणा ना.

स्वतःच्या शरीरातला दोष मात्र मला कित्येक महिने सापडला नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात रात्री घाम फुटायला लागला. उशी ओली, गादी ओली, रात्रीतून दोनदा बनियन बदलायचो. पण चेन्नईत घाम येतो ही तक्रार कुणाकडे करणार? दोन इडल्या खाल्ल्या की पोट गच्च व्हायचं. सात किलो वजन उतरलं, तर शॉपमधली पोरं अभिनंदन करायला लागली. आंघोळ झाली की अंगाला खाज सुटायची. साबण तीनदा बदलला. शेवटी कंपनीच्या वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ निघालं आणि डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवून डाव्या बरगडीखाली बोटं दाबली. ती बोटं बेंबीच्या दिशेने सरकत गेली, थांबेचनात.

"स्प्लीन," ते म्हणाले.

मला आजीची आठवण झाली. वाईकडच्या आमच्या गावात हिवतापाने पोट फुगलेलं पोर दिसलं की ती म्हणायची, "पानथरी आलीय त्याला." पानथरी म्हणजेच प्लीहा. हिवतापाची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. सोनोग्राफीत पानथरी एकोणीस सेंटिमीटर भरली. ती अकरा-बाराच्या आसपास असायला हवी.

मग शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रक्तविकारांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. रक्ताचा थेंब काचेवर पसरून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि मलाही दाखवला. लाल पेशी गोल असायच्या, त्यातल्या कितीतरी एका बाजूने ओढल्यासारख्या, पाण्याच्या थेंबासारख्या दिसत होत्या. "अरुंद जागेतून पिळून बाहेर पडल्या की असा आकार येतो," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कमरेच्या हाडातून मज्जा काढायची होती. पालथा झोपलो. भूल दिलेली असली तरी सुई हाडात शिरताना दाब कळतो आणि ओढताना पायापर्यंत कळ जाते. त्यांनी सिरिंज ओढली. पुन्हा ओढली. काहीच आलं नाही. परिचारिका हळूच म्हणाली, "ड्राय टॅप." विहीर खोदावी आणि पाणी लागू नये, तसं. शेवटी हाडाचा एक बारीक तुकडा काढून घेतला, पेन्सिलीतल्या शिशासारखा, अन् तो तपासायला गेला.

निदान आलं मायलोफायब्रोसिस. रक्ताच्या कर्करोगातला हा हळू चालणारा, फारसा कुणाला माहीत नसलेला प्रकार. मज्जेत तंतूंचं जाळं वाढतं, रक्त बनायला जागा उरत नाही. मग शरीर जुनी वाट धरतं. आईच्या पोटात असताना आपलं रक्त काही काळ यकृतात आणि प्लीहेत बनतं. तेच काम प्लीहा म्हातारपणी पुन्हा अंगावर घेते आणि फुगत जाते.

"पण मग घाम, खाज, वजन?" मी विचारलं. प्लीहा फुगली म्हणून उशी का भिजावी?

मॅडमनी मला काय काम करता ते विचारलं आणि माझ्याच भाषेत समजावलं. कारखान्यात लाइनवर दोरी असते. कामगाराला अडचण आली की तो ती ओढतो, वर दिवा लागतो, भोंगा वाजतो, सुपरवायझर धावत येतो. याला आम्ही अँडॉन म्हणतो. शरीरातल्या पेशीही एकमेकींना असेच निरोप देतात: ताप आणा, सूज आणा, नवीन पेशी तयार करा. हे निरोप म्हणजे सायटोकाइन. निरोप पेशीच्या दारात पोचला की आत जेएके नावाची कळ दाबली जाते. माझ्या बाबतीत जेएके-२ या कळीतच बिघाड होता. तिच्या प्रथिनाच्या साखळीत ६१७ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं, आणि त्यामुळे कुणी दोरी न ओढताच कळ दाबलेलीच. हा बिघाड शास्त्रज्ञांना २००५ साली सापडला. बिघडलेल्या पेशी स्वतःही सायटोकाइन सोडत राहतात. त्याने तंतू वाढतात, घाम फुटतो, वजन झडतं, हाडं दुखतात. आग कुठेच नाही आणि भोंगा मात्र चोवीस तास चालू.

"गोळी आहे," त्या म्हणाल्या. "ती ही कळ अडवून धरते, निरोप आत पोचू देत नाही. पण एक लक्षात ठेवा. तिने आजार जात नाही, गोंगाट थांबतो. आजार मुळासकट घालवायचा तर मज्जा बदलावी लागते. तुमची आज ती वेळ नाही. गरज पडली तर तो विचार करू."

गोळीचं नाव रुक्सोलिटिनिब. अमेरिकेत तिला नोव्हेंबर २०११ मध्ये मान्यता मिळाली, मायलोफायब्रोसिससाठी मान्यता मिळालेली पहिलीच. सुरू करण्याआधी क्षयाची, कावीळ बीची, एचआयव्हीची तपासणी झाली. निरोप अडवले की संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचेही निरोप अडतात, आणि आपल्या देशात क्षय तर कित्येकांच्या छातीत झोपलेला असतो. डोस ठरवताना बिंबिका, म्हणजे प्लेटलेट बघतात. माझ्या १ लाख ६० हजार होत्या, म्हणून १५ मिलिग्रॅम, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पपनसाचा भाऊबंद असलेलं ग्रेपफ्रूट वर्ज्य, कारण त्याने औषध रक्तात साचतं.

औषधाच्या दुकानात कळलं की तमिळमध्ये गोळीला मात्तिरै म्हणतात. म्हणजे आपली मात्राच. आजीच्या बटव्यातली, सहाणेवर उगाळून मधात चाटवायची ती. तमिळ लोक साध्या क्रोसिनलाही मात्राच म्हणतात, हे कळून मला फार बरं वाटलं. परदेशी नावाच्या त्या औषधाला घरात आम्ही मात्राच म्हणू लागलो.

जानेवारी २०२० मध्ये मात्रा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत उशी कोरडी राहायला लागली. खाज गेली. दोन इडल्यांच्या चार झाल्या. हिमोग्लोबिन मात्र पहिल्या दोन-तीन महिन्यांत आणखी उतरलं, एकदा रक्तही चढवावं लागलं. हे होणार हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून घाबरलो नाही. नंतर ते आपसूक वर आलं. सहा महिन्यांत पानथरी एकोणिसाची चौदावर आली. २०२१ मध्ये छातीवर नागीण उठली. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू आत दबा धरून बसलेला असतो, पहारा ढिला पडला की तो बाहेर येतो. तीन आठवडे सदरा अंगाला लागू देववत नव्हता. गोंगाट थांबवायची ती किंमत.

पैशाची किंमत वेगळीच. महिन्याच्या मात्रेला जे लागायचे, त्यात शॉपमधल्या कंत्राटी मुलाचा दोन-तीन महिन्यांचा पगार निघाला असता. रुग्णालयात दाखल न होता घरी घेतलेल्या गोळ्या विम्यात बसत नव्हत्या. चाकणला घेतलेला एक प्लॉट होता, तो विकला. त्यावर अधिक बोलत नाही.

त्याच २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, साताऱ्याहून मावसभावाचा त्याच्या सासऱ्यांसाठी रात्री अकराला फोन आला. "टोसिलिझुमॅब मिळेल का रे चेन्नईत? इथे कुठेच नाही." नाव ऐकलं आणि मी चमकलो. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोनवर विचारलं, याचा माझ्या गोळीशी काही संबंध आहे का. त्या म्हणाल्या, "हो, तुमच्याच गोळीच्या गोतावळ्यातलं आहे." जपानमधल्या ओसाकाचे तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनचं जनुक वेगळं केलं आणि पुढे त्या निरोपाचं दारच अडवणारं हे औषध तयार झालं. संधिवातासाठी ते वापरात आलं. कर्करोगात ते कसं शिरलं ती गोष्टही त्यांनीच सांगितली. २०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताच्या कर्करोगावर कार-टी उपचार दिले. तिच्याच टी-पेशी बाहेर काढून, कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडल्या. त्या पेशी इतक्या जोमात लढल्या की सायटोकाइनचा पूर आला. ताप उतरेना, मुलगी व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत इंटरल्यूकिन-६ प्रचंड वाढलेलं निघालं. उपचारामागचे शास्त्रज्ञ कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, म्हणून त्यांना हे औषध माहीत होतं. ते दिलं, ताप उतरला, आणि एमिली शुद्धीवर आली ती तिच्या सातव्या वाढदिवशी.

मावसभावाला ते इंजेक्शन मिळालं नाही. त्याच्या सासऱ्यांना त्याची गरज होती की नव्हती, हेही आता कुणाला सांगता येणार नाही. त्या दिवसांत औषधाचं नुसतं नावच लोकांना आधार वाटत होतं.

तपासणीला दर महिन्याला जायचो तेव्हा बाकावर एक पोरगा भेटायचा, एकोणीस-वीस वर्षांचा. सोबत वडील. ते आमच्याच पट्ट्यात कारखान्याची बस चालवायचे, राहायला वालाजाबादजवळ. पोराचं वेल्लोरला मज्जारोपण झालं होतं. बहिणीची मज्जा त्याने स्वीकारली, पण बहिणीच्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटायला लागलं. कातडीवर चट्टे, तोंडात फोड. एकदा त्याने पिशवीतून औषधाची पट्टी काढली आणि मी बघतच राहिलो. माझीच मात्रा, फक्त पाचाची. त्याचा आजार निराळा, माझा निराळा, भोंगा मात्र एकाच कळीवर वाजत होता. वडिलांचा नंबर मी "वालाजाबाद अण्णा" म्हणून फोनमध्ये ठेवला. का ठेवला, तेव्हा माहीत नव्हतं.

आता चूक सांगतो, ती माझी आहे. महिनाभराच्या गोळ्या कुरिअरने यायच्या. तीन-चार दिवसांच्या शिल्लक असताना मी पुढची मागणी नोंदवायचो. कारखान्यात आम्ही सुटे भाग साठवून ठेवत नाही, लागतील तेव्हा मागवतो. तीच हुशारी घरी लावली. २ डिसेंबर २०२३, शनिवार. पट्टीत सहा गोळ्या. पाकीट त्या दिवशी यायचं होतं. कुरिअरवाला म्हणाला, "सोमवारी नक्की."

रविवारी रात्रीपासून मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस कोसळायला लागला. सोमवारी चेन्नईचा विमानतळ बंद. वीज गेली, मग मोबाइलचे मनोरे गेले. आसपासचे कारखाने बंद पडले. शहराकडे जायची आमची वाट पडप्पैवरून मुडिचूर-तांबरमची, आणि मुडिचूरला अड्यार नदी रस्त्यावर आलेली. मी गोळ्या नेहमीप्रमाणे घेत राहिलो. पाकीट येईलच, एवढाच विचार. मंगळवारी संध्याकाळी शेवटची घेतली.

बुधवार निभला. संध्याकाळी हाडं ठणकायला लागली. गुरुवारी पहाटे बायकोने हाक मारली, "अहो, गादी भिजलीय." चार वर्षांनी. ताप १०२. डावीकडे बरगडीखाली कुणी आतून मूठ आवळावी तसं दुखत होतं, श्वास वरवरचा. औषध अंगातून काही तासांतच निघून जातं. इतके दिवस दारावर थोपवलेले सगळे निरोप एकदम आत शिरले होते.

दुपारी थोडा वेळ नेटवर्क आलं. बायकोने मॅडमना गाठलं. त्यांचा पहिला प्रश्न, "शेवटची गोळी कधी?" आणि मग, "ही एकदम थांबवायची नसते, सांगितलं होतं ना मी?" सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, कागदावर लिहूनसुद्धा. काहींचा रक्तदाब कोसळतो, काहींना अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. औषध बंद करायचंच असेल तर पायरीपायरीने उतरवतात. "रस्ता मोकळा झाला की लगेच या, ताप संसर्गाचाही असू शकतो. तोवर कुठूनही औषध मिळवा."

श्रीपेरुंबुदूरपर्यंतच्या दुकानांत हे औषध नसतंच. तापात मला एकच नाव आठवलं. बायकोने फोन लावला. तिचं तमिळ भाजीबाजारापुरतं, अण्णांचं हिंदी बस स्टँडपुरतं. पण "मात्तिरै" हा शब्द दोघांनाही कळत होता.

संध्याकाळी सातच्या सुमारास ते मोटरसायकलवर आले, गुडघ्यापर्यंत चिखल. पश्चिमेकडचा रस्ता चालू होता म्हणून पोचले. सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत कात्रीने कापलेली पट्टी, पाच-पाच मिलिग्रॅमच्या अठरा गोळ्या. ते बोटांवर मोजून सांगत होते: तीन म्हणजे पंधरा, दिवसाला सहा, तीन दिवस. घरून निघतानाच त्यांनी हिशेब केला होता. पोराला दिवसाला दोन लागायच्या. त्याच्यासाठी किती उरल्या, तेही त्यांनी सांगितलं, मला अपराधी वाटू नये म्हणून. बायकोने मॅडमना पुन्हा विचारून घेतलं आणि मग दिवाबत्तीच्या उजेडात मी तीन गोळ्या गिळल्या. शनिवारी शहरात पोचलो तोवर ताप उतरला होता. तपासण्यांमध्ये संसर्ग निघाला नाही. मॅडम रागावल्या, मी मान खाली घालून ऐकलं.

४ एप्रिल २०२४ ला पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देशातल्या पहिल्या कार-टी उपचाराचं, नेक्सकार-१९ चं लोकार्पण झालं. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. खारघरला राहणाऱ्या भाच्याने बातमी पाठवली, "मामा, हे तुमच्यासाठी आहे का?" नाही. ते बी-पेशींच्या कर्करोगांसाठी आहे. तिथेही उपचारानंतर सायटोकाइनचा ताप येऊ शकतो आणि उशाशी टोसिलिझुमॅब तयार ठेवावंच लागतं. म्हणजे नवीनातल्या नवीन उपचारालाही हे जुनं काम चुकलेलं नाही: लढाई चालू द्यायची, पण भोंगा हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही. मात्रा कमी पडून चालत नाही आणि जास्त होऊनही नाही.

वादळात अडकलेलं माझं पाकीट अखेर ११ डिसेंबरला आलं होतं. माझ्या गोळ्या पंधराच्या, पोराच्या पाचाच्या. तशाच परत देता येईनात. महिनाअखेरीस पोराच्याच चिठ्ठीवर पाचाचं अख्खं पाकीट घेऊन वालाजाबादला गेलो. अण्णांनी कात्री मागवली, मोजून अठरा गोळ्या कापून घेतल्या आणि बाकीचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. "उसने अठराच होते, सार." खूप आग्रह केला तेव्हा पुढच्या महिन्याच्या हिशेबात धरून ते त्यांनी ठेवून घेतलं आणि जानेवारीत तेवढे पैसे आणून दिले.

तेव्हापासून आमच्या कपाटात तीन आठवड्यांच्या गोळ्या जास्तीच्या असतात आणि दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे: औषधाचं नाव, डोस, मॅडमचा नंबर, आणि खाली मराठीत नि तमिळमध्ये "एकदम बंद करू नये." तुमच्या घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर एवढं तरी करा. पट्टी आजच मोजा, आणि पाऊस यायच्या आत मागवा.